जड पाण्याची कॉफी

मराठवाड्यात चहा न मागता मिळतो, कॉफी मागावी लागते. पाहुणा उंबऱ्यात आला की चहाचं आधण चढतं. कॉफीचं पाकीट मात्र फ्रीजच्या दारात रबर लावून पडलेलं असतं, कोजागरीची नाहीतर मुंबईच्या पाहुण्यांची वाट बघत. आणि ती निघालीच तर दुधात उकळून, भरपूर साखर घालून, वर जायफळ किसून. मी याच कॉफीवर वाढले. त्यामुळे संभाजीनगरात एका छोट्या कॅफेत बरिस्ता, म्हणजे कॉफी करून देणारी, म्हणून लागले, तेव्हा नातेवाइकांना नेमकं काय सांगायचं हा आईपुढचा प्रश्न होता. तिनं तो तिच्या परीनं सोडवला. 'पोरगी कॉफीच्या कंपनीत आहे,' असं ती सांगते. आत्या सरळ बोलते, 'हाटेलात हाय म्हण की.'

दोघींचंही बरोबर आहे. या कामाचा मोठा भाग हॉटेलाचाच असतो. कप धुणं, टेबलं पुसणं, दुधाच्या पिशव्या मोजून घेणं, एका कपावर दुपार काढणाऱ्या पोराला न दुखावता 'अजून काही देऊ का' विचारणं. आमची गिऱ्हाइकं ठरलेली आहेत. अभ्यासिकेतून डोळे चोळत येणारी स्पर्धा परीक्षेची पोरंपोरी, जिममधून थेट येऊन ब्लॅक कॉफी नाक मुरडत संपवणारे, दिवाळीला पुण्याहून घरी आलेले आयटीवाले, आणि संध्याकाळी कोल्ड कॉफीसाठी येणारी कुटुंबं. सगळ्यात जास्त खपते ती हीच, आइस्क्रीम आणि चॉकलेट सिरपवाली कोल्ड कॉफी. आमच्या धंद्यातले बरेच जण तिच्याकडे तुच्छतेनं बघतात. मला ते पटत नाही. मे महिन्यात बाहेर बेचाळीस अंश असताना कुणी गरम कापुचिनो मागितला तर त्याचीच काळजी वाटावी. शिवाय दुकानाचं भाडं या कोल्ड कॉफीतूनच निघतं.

उरलेलं काम यंत्रापुढचं. एस्प्रेसोचं, म्हणजे दाबानं काढलेल्या दाट कॉफीच्या एका शॉटचं, गणित कागदावर सोपं आहे. १८ ग्रॅम पूड, त्यातून साधारण ३६ ग्रॅम कॉफी, वेळ २५ ते ३० सेकंद, दाब ९ बार. रोज सकाळी दुकान उघडलं की पहिले काही शॉट गिऱ्हाइकासाठी नसतात, ग्राइंडर लावण्यासाठी असतात. शॉट पंधरा सेकंदांतच धावत सुटला तर पूड बारीक करायची, थेंबथेंब अडकत पडायला लागला तर जाड. काल लावलेला ग्राइंडर आज चालेलच असं नाही. भाजलेलं बी दिवसागणिक आतला वायू सोडत असतं आणि हवाही बदलते. मेमधली खडखडीत हवा जूनच्या पहिल्या पावसात एका दुपारीत ओली होते, आणि त्या दुपारी सगळं पहिल्यापासून लावावं लागतं.

दुधाचं वेगळंच. वाफेनं ६० ते ६५ अंशांपर्यंत तापवलं की दुधाचा गोडवा चांगला लागतो, त्यापुढं नेलं की शिजल्याचा वास यायला लागतो. पण आमच्याकडे गरम म्हणजे जीभ भाजेल असं गरम. 'ताई, कोमट दिलीत,' ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की आता आधी विचारून घेते. ज्याला उकळती हवी त्याला उकळती. पैसे त्याचे, जीभ त्याची.

इथवरचं कुणीही बरिस्ता सांगेल, तो पुण्यातला असो नाहीतर बेंगळुरूचा. मराठवाड्यात आणखी एक विषय शिकावा लागतो आणि तो कुठल्या कोर्सच्या पहिल्या दिवशी नसतो. पाणी. फिल्टर कॉफीच्या कपात ९८ टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. म्हणजे बी चिकमगळूरचं, यंत्र इटलीचं, आणि जवळजवळ सगळा कप मात्र आमच्या बोअरचा. एकदा यंत्र तापेना म्हणून पुण्याहून कारागीर आला. त्यानं बॉयलर उघडून हीटर बाहेर काढला. त्यावर पांढरा दगडी थर चढला होता. स्क्रूड्रायव्हरनं तो थर ठोकून बघत तो म्हणाला, 'तुमच्याकडं पाणी पितात का चावतात?'

मला त्यात नवल वाटलं नाही. गावाकडं स्वयंपाकाचं पाणी वेगळं आणि वापरायचं वेगळं असतं. विहिरीचं गोडं पाणी डाळीला आणि चहाला, बोअरचं मचूळ पाणी धुण्याभांड्याला. जड पाण्यात तूर शिजत नाही हे आमच्या घरातल्या लहान पोरालाही ठाऊक. कारण असं की बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम डाळीतल्या पेक्टिनला धरून ठेवतं आणि दाणा टणक राहतो. तेच पाणी तापवलं की त्यातला चुना भांड्याच्या तळाला बसतो, आमच्या यंत्रात तो हीटरवर बसतो. पण कॉफीची खरी वाट लावतं ते पाण्यात विरघळलेलं बायकार्बोनेट. ते आम्ल मारतं. उंचावरच्या अरेबिका जातीच्या कॉफीला भाव मिळतो तो तिच्या आंबट-गोड चवीसाठी, आणि ती चव सगळी आम्लांची. बियातून ती कपात उतरते आणि उतरल्या उतरल्या पाण्यातच विझते. उरतो एक बोदा, कडवट घोट.

मग माझ्या खिशात पेनाशेजारी टीडीएस मीटर आला. लिटरभर पाण्यात किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत ते तो सांगतो. स्पेशालिटी कॉफी असोसिएशनची शिफारस आहे की कॉफीच्या पाण्याचा टीडीएस १५० च्या आसपास असावा, ७५ ते २५० पर्यंत चालतो. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक ५०० पर्यंत ठीक म्हणतं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्या अशी सवलत देतं. ही सवलत लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर आमचेच जिल्हे असावेत अशी मला दाट शंका आहे. कॅफेमागच्या बोअरचं पाणी उन्हाळ्यात मीटरवर हजाराला टेकतं.

सोपा उपाय म्हणजे आरओ. पण निव्वळ आरओच्या पाण्यानं दुसऱ्या टोकाला जाऊन पडतो. टीडीएस तीस-चाळीसवर आला की कॉफी पोकळ लागते, नुसती आंबट टोचते. बियातली चव बाहेर ओढायला थोडं कॅल्शियम, थोडं मॅग्नेशियम लागतंच. ख्रिस्टोफर हेंडन या रसायनशास्त्रज्ञानं कॅफे चालवणाऱ्या एका जोडप्याबरोबर २०१४ मध्ये याच विषयावर शोधनिबंध लिहिला होता. पाण्यातले हे आयन चवीच्या रेणूंना कसे धरतात, याचा हिशोब त्यात आहे. यंत्रालाही फार शुद्ध पाणी मानवत नाही. बॉयलरमध्ये पाण्याची पातळी ओळखणारी एक कांडी असते, ती पाण्यातून वीज वाहते म्हणून चालते. क्षारच नसतील तर समोर पाणी आहे हेच तिला कळत नाही. म्हणून आम्ही दोन्ही पाणी मिसळतो. आरओच्या बाजूनं एक वळसा नळी काढली आहे, तिला व्हॉल्व्ह आहे, आणि तो रोज किती फिरवायचा हे मीटर सांगतो.

रोज, कारण पाणी रोज वेगळं असतं. नळ येतो त्या दिवशी ते जायकवाडीचं, पैठणहून पन्नासेक किलोमीटर पंपांनी चढवत आणलेलं. नळ काही रोज येत नाही. मधल्या दिवसांत टाकीत बोअरचं असतं, टँकरचं असतं, किंवा दोन्हीचं मिसळून असतं. या शहराचं एक मला कळत नाही. मलिक अंबरनं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला डोंगरातलं पाणी नहरीनं खडकी गावात, म्हणजे याच शहरात, आणलं. पुढच्या शतकात बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यापाशी पाणचक्की आली. खापराच्या नळांतून आलेलं पाणी उंचावरून पडायचं आणि त्यावर जातं फिरून लंगरचं पीठ निघायचं. पंप नाही, वीज नाही. त्या गावात आज मी नळ कधी येणार याचा मेसेज बघून दुसऱ्या दिवशीचा ग्राइंडर ठरवते.

पाण्याचा हा हिशोब बरिस्ताच्या हातालाही लागतो. व्हिडिओत शिकवतात की प्रत्येक शॉटच्या आधी ग्रुप हेडमधून, म्हणजे यंत्रातून पुडीवर पाणी पडतं त्या तोंडातून, पाणी सोडा, दुधाचं भांडं प्रत्येक वेळी वाहत्या पाण्याच्या कारंज्यावर विसळा. आमच्याकडे कारंजं नाही. बादली आहे, ओली फडकी आहेत, आणि ग्रुपमधून सोडलेलं पाणी कपात धरून त्यानंच कप गरम करतो. आरओनं बाहेर टाकलेलं पाणी फरशीला आणि कुंड्यांना. ज्यांनी एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी येताना पाहिलं त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. पहिल्या गाडीत दहा वाघिणी होत्या आणि पाच लाख लिटर पाणी. पुढं पन्नास वाघिणींची गाडी धावायला लागली. आमच्या कॅफेत दुधाचं काम बघणारा पोरगा लातूरचा आहे. तो नळ बंद करतो तेव्हा तोटी दोनदा आवळतो.

भाजण्याकडे मी वळले ती या पाण्यामुळेच. मालक बेंगळुरूच्या एका रोस्टरकडून, म्हणजे कॉफी भाजणाऱ्याकडून, भाजलेलं बी मागवायचे. हलकं भाजलेलं, पाकिटावर संत्र्याचं साल, मध, काळी चहापत्ती असं काय काय छापलेलं. मालक स्वतः बेंगळुरूला ती कॉफी पिऊन आले होते आणि शपथेवर सांगत होते की तिथं ती संत्र्याचीच लागते. इथं ती कशाचीच लागेना. व्हॉल्व्ह फिरवून पाणी नीट केलं की सुधारायची, पण ती फक्त दुकानात. पाकीट घरी नेणाऱ्या गिऱ्हाइकाकडे कुठला व्हॉल्व्ह? तो घरच्या पाण्यात करणार आणि आम्हाला शिव्या देणार. मालकांनी एक किलोचं जुनं ड्रम रोस्टर विकत घेतलं, दुकानाच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लावलं आणि म्हणाले, 'शिक आता. आपल्या पाण्याला आपणच भाजू.'

कच्चं कॉफीचं बी पाहिलं नसेल तर सांगते, ते हिरवट-करडं आणि दगडासारखं टणक असतं. कॉफीचा म्हणून जो वास आपल्याला माहीत आहे, त्याचा त्यात मागमूस नसतो. तो वास सगळा भाजताना तयार होतो. ड्रम दोनशेच्या आसपास तापवून बी आत सोडलं की मीटरवरचा आकडा धाडकन खाली येतो. ड्रम काही इतका थंड होत नाही, थंड बियांनी तापमापकाला वेढलेलं असतं. दीडेक मिनिटानं आकडा तळाला जाऊन वळतो, त्याला टर्निंग पॉइंट म्हणतात. मग बियातलं पाणी सुटायला लागतं. दीडशे अंशांच्या आसपास बी पिवळं पडतं आणि शेडमध्ये वाळलेल्या कडब्याचा वास येतो, त्यापुढं तव्यावरच्या भाकरीचा. त्यानंतर तपकिरी रंग चढत जातो आणि १९५ ते २०० अंशांच्या दरम्यान बी आतल्या वाफेच्या दाबानं फुटायला लागतं. आधी एखादंच, मग भराभर. हा फर्स्ट क्रॅक. इथून पुढं रोस्टरच्या हातात फार तर दीड-दोन मिनिटं असतात. लवकर काढलं तर आंबट आणि गवताळ, उशीर केला तर बी दुसऱ्यांदा फुटतं त्या सेकंड क्रॅककडे, तेलकट काळ्या बियाकडे आणि धुराकडे.

ही सगळी माहिती कुठंही मिळते. कॉफी बोर्डाचा 'कापी शास्त्र' नावाचा छोटा अभ्यासक्रम बेंगळुरूला असतो, तिथं ती नीट शिकवतातही. न मिळणारी गोष्ट म्हणजे पहिल्या पिवळेपणापासून फर्स्ट क्रॅकपर्यंतचा वेळ किती ओढायचा याची जाण. त्या टप्प्यात बियातली साखर आणि अमिनो आम्लं एकमेकांत मिसळून रंग, गोडवा, खमंगपणा तयार करतात. गॅस मोठा ठेवून हा टप्पा पटकन ओलांडला तर आंबटपणा चमकदार राहतो. गॅस थोडा आवरून तो लांबवला तर आम्ल मऊ होतं आणि गूळकट, शेंगदाण्याच्या चवी पुढं येतात. बेंगळुरूचा रोस्टर पहिलं करत होता आणि त्याचं काही चुकत नव्हतं. त्याच्या पाण्यात ते आम्ल टिकतं. आमच्या पाण्यात ते मरणारच आहे, तर त्याच्या जिवावर कॉफी उभी करायचीच कशाला? जे मरत नाही ते वाढवावं. मी गॅस आवरायला शिकले.

शेडमध्ये शिकण्याचे आणखी काही विषय होते, जे अभ्यासक्रमात येत नाहीत. मेमध्ये पत्र्याखाली दुपारी भाजणं म्हणजे स्वतःलाच भाजून घेणं, म्हणून उन्हाळ्यात काम पहाटे. डिसेंबरात तीच पहाट इतकी गार की तोच गॅस, तेच बी, पण ड्रम वेगळाच वागतो. आकडे वहीतून जसेच्या तसे उचलता येत नाहीत, ऋतूप्रमाणे हलवावे लागतात. आणि लाइट. फर्स्ट क्रॅकच्या तोंडावर लाइट गेली तर गॅस बंद करता येतो, पण ड्रम थांबला की तापलेल्या लोखंडाला टेकलेलं बी करपतं, क्वचित पेटही घेतं. म्हणून आमचा इन्व्हर्टर पंख्यांना जोडलेला नाही, ड्रमच्या मोटरला आणि थंड करायच्या पंख्याला जोडलेला आहे. लाइट गेली की गिऱ्हाइकं घामाघूम होतात आणि बी मात्र आरामात फिरत असतं. यावरून मालकांना बोलणी बसतात.

एकदा सुट्टीला जाताना पिशवीत मूठभर कच्चं बी घेऊन गेले. आमचं गाव अंबड तालुक्यात, शेतात कापूस आणि सोयाबीन. आबांनी बी तळहातावर घेतलं, फुंकर मारली, आणि आडतीवर करतात तसं एक दाण्याखाली धरून कचकन चावलं.

'ओलावा किती?'

'अकरा टक्के. दहा ते बाराच्या मधी लागतो.'

'मग वाळलाय चांगला. सोयाबीनला बी बाराच मागतात. चौदा निघाला की कटती.'

२०२४ च्या हंगामात सरकारी खरेदीला पंधरा टक्क्यांपर्यंत सवलत मिळाली होती, पण आबा अजून बारावरच अडकून आहेत, कारण आडत्या अडकून आहे. त्यांनी दुसरा दाणा उजेडाकडे धरला. 'हे भोक कशाचं?' मी सांगितलं की बोररचं, कॉफीत पडणारा भुंगेरा असतो, बी पोखरतो. त्यांनी मान हलवली. तो त्यांच्या ओळखीचा नसला तरी त्यांना बोंडअळी पुरेपूर माहीत आहे. मग भाजल्यावर काय होतं ते विचारलं. किलोभर टाकलं की साडेआठशे ग्रॅमच्या आसपास निघतं, हे ऐकून ते सरळच बसले.

'दीडशे ग्रॅम गेलं कुठं?'

'पाणी उडालं. थोडा वायू, थोडी साल.'

'म्हणजे तूट तुझी. अन् बी महाग का स्वस्त?'

महाग. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिकाचा भाव पौंडाला ४ डॉलरच्या वर गेला होता, ब्राझीलमधला दुष्काळ हे त्याचं एक मोठं कारण. हे सांगितल्यावर आबांनी जे विचारलं ते मला कॉफीच्या कुठल्याही कार्यक्रमात कुणी विचारताना ऐकलं नाही. 'मग तिकडल्या शेतकऱ्याकडं त्या टायमाला माल होता का? का आधीच इकून बसला होता?' सोयाबीनचा भाव माल घरातून गेल्यावर चढतो, हे ज्यानं जन्मभर पाहिलं त्याचाच हा प्रश्न. मी म्हटलं, काहींकडे होता, काहींचा गेला होता. 'असंच असतंय,' म्हणाले, आणि चहा आला.

आबा चहा बशीत ओतून फुरका मारून पितात. लहानपणी मला पाहुण्यांसमोर त्याची लाज वाटायची. आता कॉफीच्या कपिंगला, म्हणजे चव पारखताना, मी रोज तेच करते, आणि त्याचं प्रशिक्षण घेतलं आहे. १५० मिलिलिटर पाण्याला ८.२५ ग्रॅम जाडसर पूड, चार मिनिटांनी वरची साय चमच्यानं मोडायची, आणि चमच्यातली कॉफी जोरात आवाज करून ओढायची, म्हणजे ती फवाऱ्यानं सगळ्या तोंडात आणि नाकाच्या मागपर्यंत पोचते. आवाज न करणाऱ्याला परीक्षक नवखा समजतात.

आमच्या शेडमध्ये आम्ही कपिंग एका पाण्यानं करत नाही. तेच भाजलेलं बी, शेजारी शेजारी तीन वाट्या: एक मिसळलेल्या पाण्याची, एक निव्वळ जारच्या पाण्याची, एक बोअरच्या पाण्याची. हे कुठल्या पुस्तकात नाही, आमच्या गरजेतून आलं. पहिल्या वाटीत कॉफी छान लागणं सोपं आहे. तिसऱ्या वाटीत ती निदान पिण्याजोगी लागली तर ते रोस्ट पाकिटात जातं. यात चिकमगळूरकडचं सिलेक्शन ७९५ आमच्या फार कामी आलं. बाळेहोन्नूरच्या संशोधन केंद्रानं १९४० च्या दशकात बाहेर काढलेलं हे वाण. सूफी संत बाबा बुडनांनी येमेनहून सात बिया आणून ज्या डोंगरात लावल्या असं सांगतात, त्याच डोंगररांगांत आजही ते भरपूर लावतात. त्याचा अंगचा भारदस्तपणा जड पाण्यातही टिकतो. थोडा चांगला रोबस्टा, म्हणजे कॉफीची दुसरी, कडक जात, मिसळला की दुधात आणखी उभा राहतो. रोबस्टाचं नाव काढलं की नाक वर करणाऱ्यांना मी एवढंच सांगते की आमच्याकडे दहातले आठ कप दुधाचे जातात.

हलकं भाजणं म्हणजे कळतेपणा आणि गडद भाजणं म्हणजे अडाणीपणा, अशी एक उतरंड या धंद्यात आहे. ती मोठ्या शहरांतल्या चांगल्या पाण्यावर उभी आहे असं माझं मत झालं आहे. अतिगडद, तेलकट, कोळशाकडे गेलेल्या बियाची मीही बाजू घेणार नाही. त्यात बागेचं, वाणाचं, कष्टाचं काहीच उरत नाही. पण मध्यम, सावकाश भाजलेल्या बियाला 'सेफ' म्हणून हिणवणाऱ्यानं एकदा आमच्या बोअरच्या पाण्यात आपली चमकदार कॉफी करून दाखवावी. मालकांशी माझं यावर अधूनमधून वाजतं. त्यांना अजून संत्र्याचं साल हवं असतं. म्हणून आम्ही दोन प्रकारचं भाजतो. एक हलकं, थोडंसंच, दुकानातल्या मिसळलेल्या पाण्यासाठी. दुसरं मध्यम, घरी नेणाऱ्यांसाठी. तक्त्यावर त्यांची नावंही तशीच आहेत: 'गोड्या पाण्याची' आणि 'जड पाण्याची'. नावं वाचून लोक हसतात आणि मग बरोबर आपल्या घरचं पाणी आठवून पाकीट उचलतात. लाइट रोस्ट, मीडियम रोस्ट लिहिलं होतं तेव्हा तासभर समजावून सांगावं लागायचं.

त्यातूनही प्रश्न उरतातच. परवा उदगीरकडचे एक काका आले होते, मुलाला इथं कॉलेजात सोडायला. कॉफी प्यायले, आवडली, पाव किलो द्या म्हणाले. मी नेहमीसारखं विचारलं, 'काका, घरी पाणी कुठलं?'

'टँकरचं.'

'टँकर कुठून भरतो?'

काकांनी माझ्याकडं जरा बघितलं. मग खिशातून फोन काढला आणि टँकरवाल्यालाच लावला. आवाज मोठा केला. 'हां, मी बोलायलोय. आपल्या गल्लीला पाणी कुठलं टाकायलास सध्या?' पलीकडून ट्रॅक्टरचा आवाज आणि संशय. कुणी तक्रार केली का, पाणी बेस्ट हाय. 'तक्रार न्हाई रे बाबा, कॉफीसाठी इचारायलोय.' बराच वेळ पलीकडं कुणी बोलेना. मग, 'कॉफीसाठी? तळ्याखालच्या मळ्यातल्या इहिरीचं हाय. गोडं हाय पाणी. डाळ बी शिजतीय.'

मी 'गोड्या पाण्याची'चं पाकीट उचलून वजनकाट्यावर ठेवलं. काकांनी फोन ठेवता ठेवता विचारलं, उन्हाळ्यात ती विहीर आटली की मग काय करायचं. मी म्हटलं, मार्चमध्ये फोन करा, दुसरं पाठवते.